स्लाइड शीट (पेशंटला न उचलता सरकवायची गुळगुळीत शीट) घेतली, आठ महिने वापरली, कंबरेचं काय झालं ते लिहितेय

मी मेडिसिन वॉर्डला स्टाफ नर्स आहे, अकरा वर्षं झाली. आमच्याकडे पॅरालिसिसचे पेशंट कायम असतात, म्हणजे दर दोन तासांनी पोझिशन (कूस) बदलायची, आणि डोक्याकडची बाजू वर केली की पेशंट हळूहळू सरकत पार पायाकडच्या रेलिंगला टेकतो. मग दोघीतिघींनी ड्रॉशीट, म्हणजे पेशंटखालची आडवी चादर, धरायची, एक दोन तीन म्हणायचं आणि उचलून वर घ्यायचं. असंच एकदा पहाटे चारला एका बाबांना वर घेताना माझ्या कंबरेत उसण भरली. म्हणजे वाकलेली ती सरळच होता येईना. मावशींनी धरून स्टुलावर बसवलं, सकाळी पुढच्या ड्युटीला ओव्हर (पेशंटची माहिती) मी बसूनच दिली.

त्यानंतर आधी कंबरेचा बेल्ट घेतला, सगळ्याजणी घेतात तोच. चार महिने ड्युटीवर रोज लावला. बांधला की बरं वाटायचं, पण पेशंटचं वजन तेवढंच आणि माझं वाकणंही तेवढंच, काढला की दुखणं तिथंच. नंतर वाचलं तेव्हा कळलं की अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेने 1994 मध्येच सांगितलंय की धडधाकट माणसाने इजा टाळायला म्हणून बेल्ट लावण्याला पुरेसा पुरावा नाही. डॉक्टरांनी दुखण्यावर थोडे दिवस दिला असेल तर तो वेगळा विषय, तो वापराच.

आणि फर्स्ट इयरला शिकवलेलं बॉडी मेकॅनिक्स, गुडघ्यात वाका, पाठ सरळ, वजन अंगाजवळ. ते चूक नाही, पण ते खोक्याला चालतं. पेशंट पलंगाच्या मधोमध असतो, त्याला अंगाजवळ कसा घेणार? आणि खोकं मध्येच घाबरून तुमच्या गळ्यात हात टाकत नाही. पेशंट हलवताना एका माणसाने साधारण 16 किलोपेक्षा जास्त भार हाताने घेऊ नये, असं याच संस्थेच्या तज्ज्ञांच्या हिशोबातून आलंय, तेही पेशंट साथ देणारा असेल तर. आता 80 किलोच्या माणसाचा नुसता एक पायच 12-13 किलो भरतो, त्यावर प्लास्टर असेल तर झालंच. हे वाचलं त्या दिवशी मी खरंच गप्प बसले. इतकी वर्षं कंबर दुखली की मला वाटायचं माझंच टेक्निक चुकतंय.

तर स्लाइड शीट. ऑनलाइन मागवली, मी आणि माझ्या बरोबरच्या सिस्टरने निम्मे निम्मे पैसे घातले, दीड हजाराच्या आसपास पडली. दिसायला छत्रीच्या कापडासारखी, पातळ नायलॉन, आतून गुळगुळीत. दोन प्रकार मिळतात, एक गोल शिवलेली नळीसारखी आणि एक सपाट, जिचे दोन थर एकावर एक टाकायचे. मी नळीवाली घेतली. पेशंटला कुशीवर करायचं, शीट अर्धी गुंडाळून पाठीखाली सारायची, दुसऱ्या कुशीवर करून ओढून पसरायची की ती खांद्यापासून मांडीपर्यंत खाली बसते. मग वरचा थर खालच्या थरावर घसरतो आणि पेशंट त्याच्याबरोबर वर सरकतो. उचलायचं नाही, नुसतं सरकवायचं.

पहिल्यांदा वापरली ते एक आजोबा होते, उजवी बाजू गेलेली. रोजच्या सवयीने त्यांनी डाव्या हाताने रेलिंग घट्ट धरलं, डोळे मिटले, आता हिसका बसणार म्हणून. आम्ही त्यांना हात सोडायला लावला आणि दोघींनी सरकवलं. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "सिस्टर, करा की आता." झालं होतं! मी उशी लावत होते. पेशंटला रोज किती दुखत असेल ते मला त्या दिवशी कळलं. आणि ड्रॉशीट ओढताना पाठीची, माकडहाडाची कातडी घासते ना, तेही कमी होतं, बेडसोरच्या पेशंटसाठी हे मोठं काम आहे.

पण पलंगाची उंची आपल्या कंबरेइतकी हवी, ती नसेल तर शीट असून वाकायचंच. आमच्या निम्म्या पलंगांना वरखाली करायची सोयच नाही आणि तिथं फायदा अर्धाच मिळतो हे सरळ सांगते. ब्रेक लावलेला बघा. दोघीजणी पाहिजेतच, एकटीने करू नका. काम झालं की शीट लगेच काढायची, खाली राहिली तर पेशंट पलंगावरून घसरू शकतो. एकदा आमच्याकडे काढलेली शीट जमिनीवर पडली आणि तिच्यावर पाय पडून मावशी पडता पडता वाचल्या, तेव्हापासून आम्ही ती सलाइन स्टँडलाच अडकवतो. मणक्याचं फ्रॅक्चर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरायची नाही.

वाईट म्हणजे शिलाई. धरायच्या पट्ट्या तिसऱ्या धुण्यातच उसवल्या, विकणाऱ्याने बदलून दिली नाही, मी शिंप्याकडून डबल टीप मारून घेतली. आणि एकच शीट सगळ्या पेशंटना फिरवता येत नाही, इन्फेक्शन पसरेल. सध्या आम्ही ज्याला सगळ्यात जास्त गरज त्याच्याच नावाने ठेवतो, डिस्चार्ज झाला की धुवून पुढच्याला. म्हणजे बाकीच्यांना अजून ड्रॉशीटच आणि आमची कंबर तिथं दुखतेच. पलंगावरून खुर्चीत घ्यायला किंवा जमिनीवर पडलेल्याला उठवायला हिचा उपयोग नाही, त्याला हॉइस्टच (पेशंट उचलायचं यंत्र) लागतो.

मला आता नाईटनंतर सकाळी मोजे घालायला पलंगावर आडवं पडावं लागत नाही, आधी लागायचं. महिन्याला पाचसहा दिवस दुखतं, पूर्वी रोज दुखायचं. फिजिओ मॅडमनी दिलेले व्यायाम आणि चालणंही चालू आहे, त्यामुळे सगळं श्रेय शीटला देत नाही. ज्यांना पायात मुंग्या, बधिरपणा वाढतोय किंवा लघवी-संडासवर कंट्रोल जातोय त्यांनी शीट-बेल्ट काही बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

पाचपैकी चार देईन, एक शिलाईचा कापला. इनचार्ज सिस्टरना दाखवल्यावर त्यांनी सहा शीटचं इंडेंट (स्टोअरकडे मागणी) टाकलंय. ज्या स्वतः घेणार त्यांनी रुंद साईझ घ्या, अरुंद असली की जाड पेशंटचे खांदे बाहेर गादीवर राहतात आणि शेवटी ओढावंच लागतं.