अर्धा इंची व्हिटवर्थ टॅप संच: जुन्या बिडाच्या मशिनांसाठी घ्यावाच

जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८३३ मध्ये मँचेस्टरला मशीन टूलचा कारखाना काढला आणि १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांचे एकच माप सुचवले: कोन ५५ अंश, माथा आणि तळ गोलाईचे. ती गोलाईच या आट्याचे खरे सामर्थ्य, कारण टोकदार खाचेतून तडा लवकर जातो.

संचात तीन टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायची हत्यारे, येतात. अर्धा इंच, म्हणजे चार सूत, या मापाला इंचात १२ आटे असतात, भोक १०.५ मिमीचे पाडा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. बिडात तेल घालू नका, भुकटीचा चिखल होऊन आटे खरवडतात. पोलादात मात्र तेल हवेच. बंद भोकात तिसरा टॅप वापरल्याशिवाय तळापर्यंत आटे उतरत नाहीत.

घेताना टॅपवरचा शिक्का नीट वाचा. यूएनसी या अमेरिकी मापाच्या अर्धा इंची टॅपला इंचात १३ आटे असतात. तो जुन्या व्हिटवर्थ आट्यांच्या भोकात फिरवला तर दोन-तीन फेऱ्यांत अडकतो, आणि जोर लावला की आटे कापले जातात. पाव इंचात दोन्हींना २० आटे, फक्त कोन वेगळा. तिथली चूक लवकर कळतही नाही.