आमदारांचे जनसंपर्क कार्यालय, सोलापूर पूर्व भाग: एक अनुभव

शेजारच्या विधवा विडी कामगार मावशींच्या संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जासाठी मी आमच्या आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयात तीनदा गेलो. दरमहा १,५०० रुपयांचे हे अर्थसाहाय्य ज्यांना मिळावे, त्यांनाच कागदपत्रांची वाट ठाऊक नसते. येथील कार्यकर्त्याने पतीच्या मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड तपासून, काय कमी आहे ते मावशींना तेलुगूत समजावले. विडी आणि यंत्रमागावर जगणाऱ्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागात ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली.

पाण्याच्या प्रश्नावर मात्र समाधान झाले नाही. उजनीतून येणारे पाणी काही दिवसांआड का मिळते, असे विचारले असता महापालिकेकडे बोट दाखवले गेले. वितरण महापालिकेचे काम आहे, हे खरे. तरीही विधानसभेत प्रश्न मांडण्याचा आणि शासनाकडे पाठपुरावा करण्याचा अधिकार आमदारांचाच आहे, आणि तो त्यांनी वापरलाच पाहिजे.

आमदार स्वतः दुसऱ्या भेटीत भेटले. शांतपणे ऐकून त्यांनी तहसील कार्यालयात फोन लावला. स्थानिक विकास निधीतील कामांची यादी दर्शनी भिंतीवर लावावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. जाताना मूळ कागदपत्रांसोबत छायाप्रतींचे दोन संच न्यावेत.