तो ‘मळ’ डब्यातच होता

मला बद्धकोष्ठतेचा त्रास नव्हता. हे आधी सांगते, कारण फसायला सुरुवात तिथूनच झाली. मला दिवसाआड शौचाला व्हायचं आणि वर्षानुवर्षं तसंच होतं. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही निरोगी माणसात असू शकतं, हे मला फार उशिरा डॉक्टरांकडून कळलं. त्याआधी फोनवरच्या ‘आरोग्य सल्लागार’ बाईंनी मला पटवलं होतं, “ताई, रोज साफ होत नाही म्हणजे आतड्याला जुना मळ चिकटलाय. तोच रक्तात उतरतो. थकवा, चेहऱ्यावरचे डाग, वाढलेलं वजन, सगळं त्यातूनच येतं.” थकवा तर होताच. मी त्यांचा पोट साफ करण्याचा 21 दिवसांचा कोर्स मागवला.

रात्री दोन कॅप्सूल, सकाळी पाण्यातून पावडर. पहिल्याच पहाटे मुरडा येऊन पाण्यासारखं झालं. पाचव्या दिवशी शौचातून एक लांब, राखाडी, रबरासारखी दोरी पडली. मी घाबरले आणि खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं, की निघालं एकदाचं! बाईंनी फोटो मागितला होता, तो पाठवला. लगेच उत्तर आलं, “बघा, किती वर्षांचं साठलेलं होतं!” त्या फोटोनंतर माझ्या मनात शंका उरलीच नाही.

कोर्स संपला आणि पुढचे तीन दिवस शौचाला झालंच नाही. बाई म्हणाल्या, “मळ अजून शिल्लक आहे, दुसरा कोर्स घ्यावा लागेल.” इथे जरा थांबून वाचा, कारण जवळजवळ प्रत्येक जण इथेच अडकतो. जुलाबाने मोठं आतडं रिकामं झालं की ते पुन्हा भरायला दोन-तीन दिवस जातात. तेवढे दिवस शौचाला न होणं हे बद्धकोष्ठ नव्हे. पण आपण धास्तावतो, पुन्हा डोस घेतो, पुन्हा रिकामे होतो. त्यांना दुसरा डबा विकायला वेगळं काही करावंच लागत नाही.

दुसऱ्या कोर्सच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. एका संध्याकाळी छातीत इतकं धडधडलं की दादाने मला तसंच उचलून इस्पितळात नेलं. रक्तातलं पोटॅशियम 2.9 निघालं. ते साधारण 3.5 ते 5 असावं लागतं. हृदयाचे ठोके नीट पडायला ते लागतं आणि सततच्या जुलाबात ते पाण्याबरोबर वाहून जातं. रात्रभर सलाईन आणि छातीला चिकटवलेल्या तारा.

सकाळी डॉक्टरांनी डबे मागवले. बारीक अक्षरांत कॅप्सूलमध्ये सेन्ना लिहिलं होतं, म्हणजे आपली सोनामुखी. पावडरीत इसबगोल आणि बेंटोनाइट नावाची माती. डॉक्टर म्हणाले, “घरी गेल्यावर एक चमचा पावडर थोड्या पाण्यात कालवून ठेवा.” मी ठेवली. सकाळी पेला तिरका केला तर सगळा गोळा एकसंध, लिबलिबीत, सरकत बाहेर आला. तोच राखाडी रंग, बोटांनी ओढला तर तसाच ताणला जाणारा. मी ओट्यापाशी बराच वेळ उभी होते. माझ्या पोटातला म्हणून ज्याचा फोटो काढला होता, तो मळ मीच रोज सकाळी पीत होते.

आतड्याला वर्षांचा मळ चिकटून राहतच नाही. त्याचं आतलं अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवं होतं. साठलेल्या मळाचं विष अंगात भिनतं ही कल्पना शंभर वर्षांपूर्वी फार बोकाळली होती; वॉल्टर अल्वारेझ या डॉक्टरांनी 1919 सालीच तिच्यातला फोलपणा दाखवला. वजनाचं म्हणाल, तर अन्न बहुतेक सगळं लहान आतड्यात शोषलं जातं आणि सोनामुखी काम करते ती मोठ्या आतड्यात. माझं जे वजन उतरलं ते पाणी होतं, चार दिवसांत परत आलं.

सोनामुखी वाईट नाही. योग्य मात्रेत, थोडे दिवस, सहा ते बारा तासांत काम करणारं ते चांगलं औषध आहे. पण औषध आहे! ‘शंभर टक्के वनस्पतीजन्य’ या शब्दांनी माझी ती भीती काढून घेतली. शिवाय अशा डब्यांवर जे लिहिलंय ते तरी खरं असेल याचीही खात्री नसते. फिनॉल्फ्थेलिन हे जुनं रेचक कर्करोगाच्या धोक्यामुळे अमेरिकेत 1999 साली बाद झालं, तरी त्यानंतरही वजन कमी करण्याच्या उत्पादनांत ते छुपेपणाने मिसळलेलं सापडलं आहे.

पोट खरोखर रिकामं करावं लागतं ते कोलोनोस्कोपीसारख्या, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं पाहण्याच्या, तपासणीआधी. दादाची झाली तेव्हा आधी विचारलं, मूत्रपिंडाचा त्रास आहे का, हृदयाचा आहे का, लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू आहेत का. मग पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर दिली, क्षार मिसळलेली, किती पाण्यात आणि किती वाजता घ्यायची ते कागदावर लिहून. एकदाच. याच कामाच्या फॉस्फेटच्या औषधांनी काहींची मूत्रपिंडं निकामी झाली, म्हणून 2008 साली अमेरिकेत त्यांच्यावर कडक इशारा छापायला लावला. इतकी काळजी डॉक्टरांच्या हातातल्या औषधालाही लागते. मला त्या बाईंनी यातलं एकही विचारलं नाही. रक्तदाबाची गोळी रोज घेणारी माझी आई हाच कोर्स सुरू करणार होती, डबा घरात येऊन पडला होता.

तुमची नेहमीची सवय अचानक बदलली असेल, रक्त पडत असेल, कारण नसताना वजन उतरत असेल तर कोणताही डबा न उघडता डॉक्टरकडे जा. आणि असा कोर्स चालू असेल आणि पायात गोळे, चक्कर, धडधड जाणवली तर तो थांबवून त्याच दिवशी जा, डबा सोबत घेऊन. मी पाच दिवस उद्यावर ढकललं होतं.

पैसे मागितले तर ‘सील फोडलेला माल परत घेत नाही’ म्हणाले. फोटो काढून टाका म्हटलं, तर नंबरच ब्लॉक केला. गेल्या आठवड्यात मैत्रिणीने विचारलं, हा कोर्स घेऊ का गं, आणि त्यांच्याकडून आलेले ‘ग्राहकांचे अनुभव’ मला पुढे पाठवले. त्यात तिसरा फोटो माझा आहे. निळ्या फरशीची कड दिसते, ती आमच्या घरातली आहे.