घरी शिवलेले कापडी डायपर: पावसाळा आणि हिवाळा वापरून झाल्यावर

बाहेर पीयूएलचं (एका बाजूला पॉलियुरेथेनचा थर चिकटवलेलं, पाणी न झिरपणारं कापड) कव्हर आणि आत सुटं सुती पॅड, हा प्रकार दोन्ही ऋतूंत रोज वापरून टिकला. शिवायला बसणाऱ्यांना पहिलं सांगणं: पॅड कव्हरला कायमचं शिवू नका आणि पॅडचे सगळे थर एकत्रही शिवू नका.

फ्लॅनेलचे 14 इंची दोन चौरस घ्या, अर्धा इंच माया (शिलाईबाहेर कडेला सोडलेलं कापड) ठेवून शिवा, उलटवा, कडेने टीप मारा. तीन पदरी घडी घातली की सहा थर होतात. धुतल्यावर घडी उघडली की वाळायला दोनच थर उरतात, त्यामुळे भर पावसातही पंख्याखाली काम भागतं. सहाही थर एकत्र शिवलेलं पॅड हाताला वरून कोरडं लागतं, पण पोटात दमट राहतं आणि कुबट वास तिथूनच येतो. कापण्याआधी फ्लॅनेल दोन-तीनदा गरम पाण्यात धुवा. ते आटतं, शिवाय कोऱ्या कापडाच्या खळीमुळे पाणी शोषलं न जाता वरून घरंगळतं. जुनं धोतर किंवा सुती साडी पहिल्या दिवसापासून पाणी पिते, मात्र पातळ असल्याने दोनाऐवजी चार थर घ्यावेत.

कव्हरचं माप: लांबी 20 इंच, कमरेशी रुंदी 14, दोन पायांच्या मध्ये 7. पीयूएलची चकचकीत बाजू आत. टाचण्या फक्त मायेत लावा, नाहीतर कपड्यांचे चिमटे वापरा. प्रत्येक भोक गळणारच. दोरा पॉलिस्टरचा हवा, सुती दोरा ओल बाहेर खेचतो. सुई 11 नंबरची, गोल टोकाची. टाका 3 मिमीचा. बारीक टाक्यांनी कापड त्या रेषेवर फाटतं. कापड दाबपट्टीला चिकटून अडत असेल तर वर बटर पेपर ठेवून शिवा आणि मग फाडून काढा.

मांडीशी 9 इंचांच्या भागाला साडेपाच इंच, 6 मिमी रुंद इलॅस्टिक. घरच्या काळ्या मशीनवर झिगझॅग नसतो, म्हणून नेफा करून ओवलेलं बरं. मांडीवरचा वळ थोड्या वेळात गेला तर ठीक, राहिला तर इलॅस्टिक सैल करा.

गळती बहुतेक मांडीपाशीच होते आणि कारण बऱ्याचदा साधं असतं: पॅडची कड कव्हरबाहेर डोकावते. हौसेने कव्हरवर छापील सुती कापड लावलं तरी तेच होतं, ओल कडेवरून बाहेरच्या कापडात उतरते. तेही नसेल तर पॅड भरलेलं असतं. दोन-तीन तासांनी बदलायलाच हवं, रात्री दोन पॅड.

वेल्क्रोपेक्षा टिचबटणं कितीतरी चांगली. वेल्क्रो धुताना पॅडला चिकटतं, त्यात धागे अडकून पकड जाते. टिचबटणांमागे मात्र जाड कापडाचं ठिगळ द्या, नाहीतर ओढून ओढून पीयूएल फाटतं.

आधी गार पाण्यात खळबळून काढा, मग साबण. फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको, त्याचा थर बसून कापड शोषेनासं होतं. पेट्रोलियम जेलीचंही तसंच. लावावीच लागली तर मध्ये मलमलची पट्टी ठेवा. बोअरच्या जड पाण्यात साबण नीट निघत नाही, एकदा जास्त खळबळा. पॅड उकळली तरी चालतात, कव्हर कधीच नाही: आतला थर सुटतो.

सगळ्यात आधी थकतं ते इलॅस्टिक. नेफ्याचं एक टोक उसवायला सोपं ठेवलं की जुनं ओढून नवं ओवता येतं, कव्हर टाकून द्यावं लागत नाही.