दहावीनंतर इंजिनिअरिंग: अकरावी सायन्स की डिप्लोमा?

वर्षं दोन्हीकडे सारखीच. अकरावी-बारावीची 2 आणि पदवीची 4, किंवा डिप्लोमाची 3 आणि थेट दुसऱ्या वर्षातून पदवीची 3.

डिप्लोमाला प्रवेश दहावीच्या गुणांवर मिळतो, सीईटी लागत नाही. शिवाय तिसऱ्या वर्षाअखेर हातात नोकरीलायक प्रमाणपत्र असतं. घरची ओढाताण असेल तर हे फार मोलाचं. अडचण पुढे येते: पदवीच्या दुसऱ्या वर्षाचं गणित पहिल्या वर्षाच्या पायावर उभं असतं, आणि तो पाया डिप्लोमात पातळ राहतो. सुट्टीत कॅल्क्युलस पक्कं करा, नाहीतर एम-३ (दुसऱ्या वर्षाचा गणिताचा पेपर) हमखास राहतो.

मन अजून डॉक्टरकी, फार्मसी, बीएस्सी यांत घुटमळत असेल तर अकरावीच घ्या, जीवशास्त्रासकट. डिप्लोमातून ‘नीट’ची (डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची) वाट नाही.