ई-पुस्तकाची नोंद: प्रकाशकाची की ग्रंथालयाची?

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रंथालयाला ई-पुस्तकाची नोंद प्रकाशकाकडून तयार घेता येते किंवा स्वतः करता येते. प्रकाशकाची ऑनिक्स नोंद (पुस्तक-व्यापारात माहिती पाठवण्याचा ठरलेला साचा) लवकर हाती येते आणि आयएसबीएन, किंमत, आवृत्ती पुन्हा टंकावी लागत नाही. मात्र ती मुळात विक्रीसाठी असल्याने विषयाच्या बाबतीत उणी पडते. माझ्यासमोर आलेल्या एका नोंदीत अहिराणी ओव्यांच्या संग्रहाची भाषा ‘मराठी’ आणि विषय नुसता ‘कविता’ होता. आयएसओ ६३९-३ या भाषा-संकेतांच्या आंतरराष्ट्रीय यादीत अहिराणीला स्वतंत्र संकेत असताना हे फार खटकले, कारण अहिराणी शोधणाऱ्या वाचकाला ते पुस्तक सापडणारच नाही. ग्रंथालयाची मार्क नोंद (ग्रंथालयांच्या संगणकीय तालिकेचा साचा) वेळ खाते, पण तिच्यात ६५० क्रमांकाच्या रकान्यात विषय आणि ८५६ क्रमांकाच्या रकान्यात ई-पुस्तकाचा दुवा नेमका बसतो. म्हणून मी प्रकाशकाची नोंद आधाराला घेईन, भाषा व विषय ग्रंथपालाकडून तपासून घेईन आणि दुरुस्ती प्रकाशकालाही कळवीन.