आधी एसएमपीएस बदलावा की मदरबोर्ड?

सुटे भाग आणून घरीच जोडलेला संगणक कधी पहिल्याच वेळी सुरू होतो, तर कधी चार वेळा बटण दाबावे लागते. अशा वेळी मराठवाड्यात पहिला संशय विजेवर जातो आणि यूपीएसची चौकशी सुरू होते. ती खरेदी इथे बहुधा वाया जाते, कारण भिंतीवरच्या सॉकेटमध्ये 230 व्होल्ट नीट येत असूनही जो संगणक सुरू होत नाही, त्याला यूपीएस काही देऊ शकत नाही. निवड खरे तर एसएमपीएस (भिंतीवरची वीज संगणकाला लागणाऱ्या कमी व्होल्टमध्ये बदलणारा डबा) आणि मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर जोडतात तो मुख्य बोर्ड) यांच्यातच करायची आहे.

त्याआधी कॅबिनेटच्या बटणाची दोन पिनांची वायर बोर्डावरून काढून तिच्या जागी रीसेटची वायर लावावी आणि रीसेटच्या बटणाने संगणक सुरू करून पाहावा. तेवढ्याने दोष गेला, तर बिघाड बटणातच होता.

रात्रभर बंद राहिलेला संगणक सकाळी अडखळतो आणि एकदा सुरू झाला की दिवसभर विनातक्रार चालतो, हे एसएमपीएसचे ओळखीचे लक्षण आहे. आतले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) उष्णतेने वाळत जातात, आणि परभणी-नांदेडकडच्या 42 अंशांच्या उन्हाळ्यात धुळीने भरलेल्या कॅबिनेटमध्ये ते लवकर थकतात. मदरबोर्डाचा दोष सहसा असे वेळापत्रक पाळत नाही. मात्र कॅबिनेटबाहेर पुठ्ठ्यावर ठेवलेला बोर्ड दर वेळी सुरू होत असेल, तर तो खालच्या एखाद्या चुकीच्या स्क्रूला टेकत होता असे समजावे.

लक्षणांपेक्षा मल्टिमीटरवर (व्होल्ट मोजण्याच्या यंत्रावर) अधिक विसंबावे. त्याची काळी प्रोब एसएमपीएसमधून बोर्डावर येणाऱ्या 24 पिनांच्या कनेक्टरमधील काळ्या वायरवर ठेवून जांभळी वायर मोजावी. प्लग चालू पण संगणक बंद असतानाही तिथे 4.75 ते 5.25 व्होल्ट हवेत. ते कमी असतील किंवा बटण दाबताच कोसळत असतील, तर संशय प्रथम एसएमपीएसवर घ्यावा. जांभळी ठीक असेल, तर बटण दाबताना हिरवी पाहावी; सुरू होण्याची हाक बोर्ड तिच्यातूनच एसएमपीएसला देतो. ती शून्याजवळ उतरूनही पिवळीवर 12 व्होल्ट येत नसतील, तर बोर्डाने हाक दिली आहे आणि एसएमपीएसने ओ दिलेली नाही. हिरवी उतरतच नसेल, तर दोष बोर्डाकडे आहे. पिवळी क्षणभर उठून पडत असेल आणि पंखा अर्धाच फिरत असेल, तर कुठेतरी शॉर्टही असू शकतो. तेव्हा मित्राचा एसएमपीएस लावून पाहिल्याशिवाय काहीही विकत घेऊ नये. एसएमपीएस स्वतः मात्र उघडू नये, कारण प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या आसपास भार राहू शकतो.

निर्णय तरीही अधांतरी राहिला, तर मी आधी एसएमपीएस बदलेन. ते अर्ध्या तासाचे काम आहे आणि तो पुढच्या संगणकालाही लावता येतो. उलट मदरबोर्ड प्रोसेसरच्या सॉकेटशी जुळावा लागतो, आणि जुन्या सॉकेटचा नवा बोर्ड जिल्ह्याच्या गावी क्वचितच मिळतो.

कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर दोन्ही खरेद्या थांबवून वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. आपली काळी जमीन उन्हाळ्यात वाळून भेगाळली की अर्थिंगचा रोध वाढतो, आणि तो दोष नव्या एसएमपीएसने जात नाही.